कोरड्या पात्रातील शाळा

फाल्गुनाच्या अखेरीस संपादकांचे पत्र आले. यंदाच्या अंकाचा विषय 'पाणी' एवढाच त्यात कळविलेला होता आणि खाली, सहज आठवले म्हणून लिहावे तशी, 'आपण भिवंडीकर, तेव्हा आपल्याकडून काही निराळे यावे' अशी पुस्ती जोडलेली होती. भिवंडीचे नाव घेतले की बाहेरच्या मनुष्यास आठवतो तो यंत्रमागांचा अहोरात्र चालणारा खडखडाट, माणकोलीपासून काल्हेर-कशेळीपर्यंत पसरलेल्या गोदामांच्या पत्र्याच्या रांगा आणि आग्रा रोडवर तासन्‌तास खोळंबलेले मालमोटारींचे तांडे. या गावाचा पाण्याशी काही निकटचा संबंध असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नसते, आणि खरे सांगावयाचे तर गावकऱ्यांच्याही ते ध्यानातून जाऊ लागले आहे.

वास्तविक या तालुक्याइतका पाण्याने वेढलेला मुलूख ठाणे जिल्ह्यात थोडाच असेल. शहराच्या अंगावरून कामवारी वाहते आणि खाडीस मिळते. ती खाडी म्हणजे उल्हास नदीचे भरती-ओहोटीने श्वास घेणारे विस्तीर्ण मुख, जे थेट वसईपर्यंत जाते. उत्तरेस वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या उन्हाळ्यांच्या गावांना वळसा घालून तानसा जाते. पूर्वेच्या बाजूने भातसा येते, आणि तिच्या धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून वाहत येऊन तालुक्यातल्या पिसे येथील बंधाऱ्यापाशी मुंबई महानगरपालिका उचलून नेते. 1657 साली कल्याण आणि भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली, तेव्हा स्वराज्याच्या पहिल्या लढाऊ गलबतांची बांधणी याच खाडीच्या काठी सुरू झाली, आणि पोर्तुगीज कारागीरही त्या कामावर होते. ज्या गावाच्या दारात आरमाराचा पाया घातला गेला, त्या गावातील किती मुलांनी आज वल्हे हातात धरले असेल, याची खानेसुमारी कोणी केलेली नाही. केल्यास ती लाजिरवाणी निघेल, असा माझा तर्क आहे.

कामवारीच्या पाण्याला पुष्कळदा कापडाच्या रंगाचीच छटा असते. तिच्यात उतरण्याचा विचार कोणी शहाणा मनुष्य करीत नाही. उरल्या भातसा, तानसा, उल्हास. तेथे पावसाळ्यात रविवार साधून तरुणांच्या झुंडी जातात, दरसाल त्यांतले काही परत येत नाहीत, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून धबधबे, धरणे, नद्या यांच्या काठी जाण्यास मनाई करणारा हुकूम निघतो. त्या हुकुमाची आवश्यकता मी नाकारीत नाही. परंतु पाण्यापासून दूर ठेवणे आणि पाण्याशी वागावयास शिकविणे या दोन गोष्टींतील तफावत आपल्या कारभाराने कधी मनावर घेतली नाही, हेही तितकेच खरे आहे.

याच सुमारास मला कळले की, आमच्याच शहरातील काही तरुण मंडळी मधूनमधून शनिवार-रविवार गाठून कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठी मुक्कामाला जातात आणि तेथे कयाक नावाची एकट्याने चालवावयाची नाव शिकतात. त्यांच्यात यंत्रमागाच्या कारखानदाराचा मुलगा होता, एका गोदामातला हिशेबनीस होता, शाळेत गणित शिकविणाऱ्या एक बाई होत्या, आणि खाडीकाठच्या आगरी घरातला एक मुलगा होता, ज्याचे आजोबा रेतीचे पडाव हाकीत आणि ज्याने स्वतः मात्र वल्हे पहिल्यांदा हाती धरले ते कोलाडला. त्यांनी मला सोबत नेण्याचे कबूल केले. माझे वय पाहून नावेत बसविण्याचे मात्र कबूल केले नाही.

मुळशीचे पाणी

भिवंडीहून कोलाड शंभरावर किलोमीटर दूर आहे. तालुक्यात तीन-तीन नद्या असताना एवढ्या लांब का जावयाचे, हा प्रश्न मी वाटेतच विचारला, आणि त्याचे उत्तर नदीपेक्षा विजेच्या इतिहासात अधिक सापडते.

मुळा ही पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जावयाचे, असा निसर्गाचा बंदोबस्त होता. टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधून तो बदलला; पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेस वळविले, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात पाडले आणि त्या पडण्याच्या जोरावर भिरा येथे वीज निर्माण केली. ज्या मावळ्यांच्या जमिनी या धरणाखाली गेल्या, त्यांनी 1921 साली सत्याग्रह आरंभिला आणि पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो चिवटपणे लढविला. धरण तरीही झाले, आणि 1927 साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते. एरवी कोकणातील नद्या पौष-माघातच आटतात, डोहाडोहांतून तुटक उरतात. कुंडलिका मात्र ऐन वैशाखातही दिवसाच्या काही प्रहरांपुरती दुथडी वाहते, कारण तेवढा वेळ वर जनित्रे फिरत असतात.

खळाळत्या पाण्यावरच्या खेळाला अशी बारमाही आणि बहुधा ठरल्या वेळी येणारी नदी महाराष्ट्रात दुर्मिळ आहे. म्हणून साजे-सुतारवाडीच्या परिसरापासून खाली दहा-बारा किलोमीटर रबरी तराफ्यांचा धंदा येथे उभा राहिला, आणि त्या धंद्याच्या आश्रयाने कयाकही आली. नदीच्या अवघडपणाची जी सहा पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे, तिच्यात कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसते, म्हणजे नवशिक्याला भय वाटावे पण जाणत्याच्या देखरेखीखाली जिवावर बेतू नये, इतपत. या सगळ्या व्यवहारात मुळशीच्या बुडालेल्या गावांचे नाव कोणी घेत नाही. ते घ्यावे, असे मला वाटले, म्हणून येथे घेतले.

नदी उघडी असताना

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या दिवसाचे पाणी ओसरून गेले होते आणि पात्र उघडे पडले होते. बैलाएवढे काळे धोंडे, त्यांच्यामधून गुडघाभर पाण्याच्या दोन-तीन धारा, काठच्या करंजांच्या मुळांना अडकलेला काडीकचरा. मंडळींना नावा खांद्यावर घेण्याची घाई झालेली होती. परंतु प्रशिक्षकांनी, जे याच पंचक्रोशीत जन्मलेले, तिशीच्या आतबाहेरचे, बोलण्यात मोजके असे गृहस्थ होते, सगळ्यांना नावा जागच्या जागी ठेवावयास सांगितले आणि चपला घालून पात्रात चालावयास नेले.

"काका, नदी आता बघून घ्या," ते मला म्हणाले. "उद्या ती दिसणार नाही. उद्या नुसतं पाणी दिसेल."

पुढचे दोन तास आम्ही त्या धोंड्यांमधून उलटसुलट चढत-उतरत हिंडलो, आणि माझ्या मते त्या मुक्कामातील सर्वांत मोलाचे शिक्षण त्याच दोन तासांत झाले. एका ठिकाणी दोन मोठे कातळ समोरासमोर उभे होते आणि त्यांच्यामधून साधारण दीड पुरुष रुंदीची वाट होती. उद्या पाणी येईल तेव्हा या दोन्ही कातळांच्या कडांवरून फेसाच्या दोन रेषा निघतील आणि खाली एकत्र मिळतील. वरून येणाऱ्याला त्यांचा आकार खालच्या दिशेने निमुळत्या होत गेलेल्या पात्याच्या टोकासारखा दिसेल. असे टोक ज्या बाजूला दाखविते त्या बाजूला खोल, मोकळी वाट आहे असे समजावे. याच्या उलट, टोक वरच्या दिशेला, आपल्याकडे रोखलेले दिसले, तर तेथे पाण्याखाली एकटा धोंडा दडून बसलेला आहे असे समजावे आणि त्याच्या वाटेस जाऊ नये. दुसऱ्या ठिकाणी एका घरवजा धोंड्याच्या खालच्या अंगाला वाळूचा लहानसा ढीग साचलेला होता. तेथे वाळू का साचते, असे त्यांनी विचारले. गणिताच्या बाईंनी उत्तर दिले की, धोंड्याआड पाणी मंदावत असले पाहिजे. ते केवळ मंदावत नाही, वर वळते. मुख्य धार धोंड्याला ठोकर देऊन दोन्ही बाजूंनी पुढे निघून जाते आणि मागे उरलेली पोकळी भरावयास खालचे पाणी उलट वरच्या दिशेने येते. कयाक चालविणारे या जागेला एडी म्हणतात. नदीत विश्रांतीची जागा असेल तर ती हीच. नवशिक्याने ओळखावयाची पहिली वस्तूही हीच.

मग आले ते आडवे पडलेले झाड. मागच्या पावसात उन्मळून पात्रात पडलेल्या एका उंबराच्या फांद्या धारेत पसरलेल्या होत्या. प्रशिक्षकांचा आवाज येथे प्रथमच चढला. धोंड्याला पाणी वळसा घालते, म्हणून धोंडा पुष्कळदा माणसालाही बाजूला सारतो; फांद्यांच्या जाळीतून मात्र पाणी आरपार जाते आणि माणूस जाळीवर अडकून राहतो, मागून येणारी धार त्याला तेथेच दाबून धरते. बंधाऱ्याचीही हीच गत. दिसावयास तो निरुपद्रवी, एकसारखी चादर पडावी तसा. पण पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि मागे, भिंतीकडे वळते, त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू, मग ती लाकडाचा ओंडका असो की मनुष्य, तेथल्या तेथे फिरत राहते. आपल्या नद्यांवर जागोजाग कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत, आणि त्यांच्याखाली पोहताना बुडालेल्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात. आगरी घरातला मुलगा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. त्याच्या गावच्या एका मुलाचे असेच झाले होते, एवढेच तो नंतर म्हणाला.

डोहातील पाठ

उन्हे कलल्यावर नावा स्थिर पाण्यात उतरविल्या. खाली डोलवहालचा बंधारा आहे, ज्यावरून भातशेतीसाठी कालवे निघतात. अशा बंधाऱ्यामागे पाणी तुंबते आणि नदी काही अंतर तळ्याचे रूप धारण करते. बंधाऱ्याच्या भिंतीपासून चांगले दूर, जेथे पाणी हलते की नाही असा संशय यावा, अशी जागा प्रशिक्षकांनी निवडली.

कयाक प्लॅस्टिकची, पुरुषभर उंचीहून थोडी लांब, वरून बंद, आणि मधोमध एकच भोक. त्या भोकात पाय लांब करून बसावयाचे. पावले पुढच्या आधारांवर टेकलेली, गुडघे किंचित फाकून नावेच्या छपराला आतून भिडलेले, कंबर दोन्ही बाजूंच्या गाद्यांत घट्ट. कमरेभोवती रबरी कापडाचा घेर असतो, तो भोकाच्या काठावर ताणून बसविला की आत पाणी येत नाही. होडीत माणूस बसतो. कयाक माणूस अंगात घालतो. ध्रुवप्रदेशातील इन्युइट शिकारी ती सीलच्या कातड्याची शिवीत, आणि ज्याची त्याच्या मापाने शिवीत, हे वाचले होते. त्याचे कारण त्या दिवशी समोर दिसले. गोदामातल्या हिशेबनिसाने कंबर डावीकडे झुकविली की नाव डावीकडे झुके, आणि तो घाबरून ताठ झाला की नाव लटपटे.

पहिला पाठ वल्ह्याचा नव्हता. तो उलटण्याचा होता. प्रत्येकाने आळीपाळीने, मुद्दाम, डोके खाली आणि नाव वर अशा स्थितीत जावयाचे. घाई न करता पुढे वाकून तो घेर सोडविण्याचा पट्टा चाचपावयाचा, ओढावयाचा, दोन्ही हात कमरेपाशी नावेवर टेकून, विजार उतरवावी तसे पाय मागे खेचून बाहेर यावयाचे, आणि पाण्यावर आल्यावर नाव सोडावयाची नाही, वल्हेही सोडावयाचे नाही. सांगावयास हे तीन ओळींचे. पण पालथ्या नावेखाली, नाकात पाणी जात असताना, मनुष्याची बुद्धी त्याला सोडून जाते आणि हात भलतीकडे चाचपत राहतात. कारखानदाराचा मुलगा, जो वाटेत सर्वांत अधिक बोलत होता, तो वर आला तेव्हा पांढराफटक पडलेला होता. बाई मात्र आत गेल्या आणि इतका वेळ वर आल्या नाहीत की प्रशिक्षक पाण्यात झेप घ्यावयाच्या तयारीत राहिले, मग शांतपणे बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाच अंक मोजले आणि मग पट्टा ओढला." भीतीवर गणिताचा एवढा प्रत्यक्ष उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता.

उलटण्याची धास्ती एकदा अंगातून गेली की वल्ह्याकडे वळता येते. कयाकचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले, मधोमध धरावयाचे. नवखा मनुष्य ते दंडाच्या जोरावर ओढतो आणि अर्ध्या तासात थकतो. जाणता मनुष्य धड फिरवितो, पाते पायाच्या बोटांशी पाण्यात पुरतो आणि कमरेपाशी येताच काढून घेतो, कारण त्यापुढे ओढल्याने नाव पुढे जात नाही, नुसती वळते. वळवावयाची असेल तर पाते पुढून मागे मोठ्या अर्धवर्तुळात फिरवावयाचे. तोल जाऊ लागला तर पाते आडवे करून पाण्यावर थापावयाचे, म्हणजे क्षणभर का होईना, पाणी टेकू देते, आणि तेवढ्या क्षणात कमरेने नाव खालून सरळ करून घ्यावयाची. या शेवटल्या हालचालीत सगळी विद्या आहे, असे प्रशिक्षक पुनःपुन्हा सांगत होते: डोके सर्वांत शेवटी वर. बुडणारा मनुष्य नेमके आधी डोके वर काढू पाहतो, आणि डोक्याचे ओझे वर उचलण्याच्या खटपटीत नाव पुन्हा आपल्या अंगावर घेतो.

आगरी घरातल्या मुलाला हे सर्व लवकर साधले. पडावाची परंपरा रक्तात असते वगैरे म्हणण्याचा मोह मला झाला होता; पण तो स्वतःच म्हणाला की, तो शाळकरी असल्यापासून खाडीत पोहतो, म्हणून नाकातोंडात पाणी गेल्याचे त्याला काही वाटत नाही. हे कारण अधिक विश्वसनीय आहे.

मुक्कामाची जागा

नदीकाठी राहुट्या ठोकणे हेही या शिक्षणाचेच अंग आहे, आणि शहरी मनुष्य येथेही हमखास फसतो, कारण त्याला पात्रातली सपाट, मऊ, पांढरी वाळू आवडते. धरणाच्या नदीत ती जागा वर्ज्य. वर पाणी केव्हा सुटेल याची खात्री काठावरल्या मनुष्यास देता येत नाही. विजेची मागणी अवचित वाढली, तर जनित्रे भलत्या वेळीही चालू होतात. झाडांच्या खोडांवर वाळके गवत, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्या उंचीवर अडकलेल्या दिसतात, ती नदीची मागील पावसाळ्यातील सही. राहुटी तिच्या वर असावी, आणि काठापासून पळून जाण्याची वाट अंधारातही सापडेल अशी असावी. आमच्या राहुट्या म्हणूनच एका शेताच्या बांधाला लागून, थोड्या खडकाळ जमिनीवर पडल्या, आणि पाठ रात्रभर दुखली.

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि पिठले असे जेवण जवळच्या वाडीतल्या एका घरून आले. कोरडे कपडे, काडेपेटी, औषधे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत गुंडाळून ठेवण्याचे काम जेवणाआधी करून घेतलेले होते. रात्री कंदिलाच्या उजेडात दोरीचा अभ्यास झाला: पिशवीत सुटी भरलेली पंधरा-वीस मीटर दोरी, जिचे एक टोक हातात ठेवून पिशवी वाहत्या माणसाच्या पलीकडे फेकावयाची. फेकणाऱ्याने हाक मारून त्याचे लक्ष वेधावे, मगच फेकावी. धरणाऱ्याने दोरी मनगटाला गुंडाळू नये, छातीशी धरून पाठीवर उताणे व्हावे. वाहून जाताना पाय पुढे, बोटे पाण्यावर, आणि धारेत उभे राहण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये, कारण गुडघाभर पाण्यातही पाऊल दोन धोंड्यांच्या बेचक्यात अडकले की मागचे पाणी माणसाला पालथा पाडून दाबून धरते. हिशेबनिसाने हे सगळे वहीत क्रमांक घालून उतरून घेतले.

पाणी आले

सकाळी आठाच्या पुढे केव्हातरी, काठी बसलेल्यांपैकी कोणाच्याही लक्षात येण्यापूर्वी, धोंड्यांमधल्या धारांचा आवाज बदलला. लोंढा वगैरे काही आला नाही. पाणी काळ्या धोंड्यांच्या पोटाला लागले, मग कमरेला, मग ज्या कातळावर आम्ही आदल्या दिवशी बसून शेंगा खाल्ल्या होत्या तो दिसेनासा झाला. तासाभरात समोर हिरवट, थंड, घाईघाईने चाललेली नदी होती. आदल्या दिवशी दाखविलेल्या दोन कातळांखाली फेसाचे टोक अचूक उमटले होते. घरवजा धोंड्याआड गुळगुळीत पाण्याचा तुकडा वरच्या दिशेने सरकत होता. जे काल डोळ्यांनी पाहिले ते आज पाण्यावरच्या खुणांवरून ओळखावयाचे, ही परीक्षा होती.

माझी रवानगी मागून येणाऱ्या रबरी तराफ्यात झाली. प्रशिक्षक पुढे, त्यांचा एक जोडीदार शेवटी, दोरीची पिशवी घेतलेली दोन माणसे काठावर, आणि मध्ये चौघेजण आपापल्या रंगीत नावांत, अशी योजना होती. पहिला अभ्यास धार ओलांडण्याचा. एडीत नाव उभी करावयाची, तोंड वरच्या बाजूला, धारेशी लहानसा कोन ठेवून. आणि वल्हवीत बाहेर पडावयाचे. कोन बेताचा असला तर धारच नावेला आडवी ढकलीत पलीकडच्या तीरास नेऊन सोडते. मनुष्याने फक्त वाहून न जाण्याइतके वल्हवावयाचे. कोन मोठा झाला की नाव गरकन फिरते आणि खाली निघते. दुसरा अभ्यास एडीतून धारेत शिरण्याचा, आणि येथेच बहुतेक जण उलटतात. शिरताना नाव खालच्या अंगाला, म्हणजे धार जिकडे चालली आहे तिकडे, कलती धरावी लागते. मनाला हे पटत नाही, कारण मन वेगापासून मागे सरते, आणि मनाबरोबर अंगही वरच्या बाजूला झुकते. तेवढ्यात वरून येणारी धार नावेची ती झुकलेली कड पकडते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाव पालथी.

कारखानदाराचा मुलगा नेमका तसाच गेला. पाणी त्याला पालथ्या नावेसकट काही वाव खाली घेऊन गेले. मग पट्टा सुटला, डोके दिसले, नारिंगी लाइफ जॅकेट दिसले, आणि महत्त्वाचे म्हणजे वल्हे हातातच होते. तो उताणा झाला, पाय पुढे झाले. काठावरून हाक आली, पिशवी आली, त्याने दोरी छातीशी धरली आणि ती ताणली जाताच धारेनेच त्याला झोका देऊन काठाशी आणून ठेवले. आदल्या संध्याकाळी पांढरा पडलेला हा मुलगा यावेळी हसत होता. "उलटलो ते कळलंच नाही, पण काय करायचं ते आठवलं," असे तो म्हणाला, आणि पुन्हा नावेत बसला. दुसऱ्या खेपेस तो झुकला तो योग्य बाजूला, किंचित अधिकच.

पालथे होऊन सुलटे होणे

नावेतून बाहेर न पडता, पाण्याखालूनच नाव सरळ करून वर येण्याची जी युक्ती आहे, तिला रोल म्हणतात. आमच्या मंडळींपैकी कोणाला ती अद्याप साधलेली नव्हती. प्रशिक्षकांनी ती दुपारी डोहात करून दाखविली. वल्हे नावेला समांतर पुढे, पाण्याच्या पृष्ठाजवळ. मग पात्याची मोठी झेप बाजूला, तिच्याच तालावर कमरेचा झटका, आणि शेवटी, पुन्हा शेवटी, डोके. ध्रुवप्रदेशात ही युक्ती जगण्या-मरण्याची होती, कारण बर्फाच्या पाण्यात पोहत बसणाऱ्याला घटका भरावयास वेळ लागत नसे. युरोपीयांपैकी ती प्रथम साध्य करणारा म्हणून ऑस्ट्रियाच्या पावलाटाचे नाव घेतात; त्याने ती ग्रंथांतील वर्णने वाचून, एका सरोवरात स्वतःची स्वतः शिकून घेतली, आणि तेही 1927 सालीच, म्हणजे ज्या वर्षी भिऱ्याची जनित्रे फिरू लागली त्याच वर्षी. या योगायोगाला काही अर्थ आहे असे नाही. मला तो आवडला.

प्रशिक्षक ही विद्या कोठे शिकले, हे मी विचारले. आधी तराफ्यांच्या धंद्यात सामान उचलणारा पोऱ्या म्हणून, मग तराफ्यावर, मग थोडे दिवस उत्तरेस गंगेवर, आणि उरलेले याच पात्रात, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या वाडीतील आणखी काही मुलगे आता या कामात आहेत. पावसाळ्यात ते भात लावतात. चांगल्या कयाक बहुतेक परदेशातून येतात आणि महाग पडतात, म्हणून एकेक नाव वर्षानुवर्षे ठिगळे लावून वापरली जाते. केरळात, कोळीकोडच्या डोंगरी नद्यांवर 2013 पासून कयाकचा महोत्सव भरतो आणि देशोदेशीचे नावाडी तेथे पावसाळ्यात येतात. आपल्याकडे एवढ्या नद्या असून तसे काही का उभे राहत नाही, हा प्रश्न त्यांनीच मला उलट विचारला. मजजवळ उत्तर नव्हते.

तालुक्याच्या दप्तरी

2021 साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि जमीन, पाणी व हवा यांवरील असे उद्योग चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावे, असे ठरविले. हे इष्टच झाले. कुंडलिकेवर जावयाचे असल्यास वाचकांनी नोंदणीचा दाखला मागून पाहावा, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहावे, आणि पहिल्या दिवशी उलटावयास न शिकविता थेट धारेत नेणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. नवशिक्याने आषाढ-श्रावणात जाऊ नये. त्या दिवसांत धरणाचे पाणी आणि आभाळाचे पाणी एक होते, आणि आदल्या दिवशी पाहावयास कोरडे पात्रच उरत नाही.

पण धोरणात पर्यटक आहे, शिकणारा मुलगा नाही. ज्या तालुक्यातून मुंबई आपले पिण्याचे पाणी उचलते, ज्याच्या तीन बाजूंना नद्या आहेत, त्या तालुक्यातील मुलाला वाहत्या पाण्यात उताणे होऊन पाय पुढे ठेवावे एवढी गोष्ट समजावून घेण्यासाठी शंभरावर किलोमीटर जावे लागते, आणि जाण्यायेण्याचा, मुक्कामाचा, शिकवणीचा खर्च करावा लागतो. म्हणजे मागावर बारा तास उभा राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला ते बंदच आहे. बुडणाऱ्यांत तोच अधिक असतो. मनाई हुकमाच्या फलकासाठी जेवढा खर्च होतो, त्यात दोरीच्या पिशव्या आणि लाइफ जॅकेटे येतील. फलक वाचून कोणी थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत वऱ्हाळादेवीचा तलाव आहे. तेथील पाणी स्थिर आहे, यंत्राची नाव न लागल्याने ते दूषित होण्याचा प्रश्न येत नाही, आणि कोलाडला शिकून आलेली ही चार-पाच मंडळी रविवारी सकाळी फुकट शिकवावयास तयार आहेत, असे त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितले. पाच-सहा जुन्या नावा, तितकीच वल्ही, काठावर एक खोली आणि जबाबदारी घेणारा एक अधिकारी, एवढी तजवीज पालिकेने करावी. मंडळींनी लेखी अर्ज तयार केला आहे. त्यावर माझीही सही आहे, आणि ज्या भिवंडीकर वाचकांना हे पटेल त्यांनी आपलीही करावी.